आई मागून येईपर्यंत

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शेवगावकडच्या शेतांत करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आई आणि मी रोज सकाळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. मला फौजेत भरती व्हायचं होतं. वय बसत होतं, उंची बसत होती, दमाचं मात्र अवघड होतं. थोडं पळालो तरी छातीचा भाता व्हायचा.

गावात फौजेतून पेन्शनीवर आलेले एक तात्या होते. त्यांनी मला पळताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नुसतं रेटत पळून दम वाढत नाही, म्हणाले. जीव खाऊन पळायचं, मग चालायचं, आणि श्वास अर्धा बसला की पुन्हा पळायचं. पुरता बसू द्यायचा नाही, खरी गोम तिथंच.

पण अर्धा बसला हे ठरवायचं कुणी? मला विचाराल तर माझा श्वास कधीच बसत नव्हता. आणि घड्याळ घरात नव्हतं. मग आईनंच तोड काढली. कामाच्या वाटेला अंतराअंतरावर बाभळी होत्या. मी पुढच्या बाभळीपर्यंत पळायचं आणि तिथं येरझारा घालायच्या. डोक्यावर पाटी घेऊन ती मागून पोचली की म्हणायची, "निघ."

आई झपाझप चालणारी. ती इतक्या लवकर येऊन ठेपायची की मी चिडायचो, जरा सावकाश ये म्हणायचो. ती हसून मला पुढं पिटाळायची. कामावरच्या बाया माझी खेचायच्या: हे पोरगं पळतंय कमी अन् उभंच जास्त, सरकार ह्याला पहाऱ्यावरच ठेवणार.

हळूहळू फरक पडला. आई येईपर्यंत माझा श्वास अगदी ठिकाणावर यायला लागला. मी हरखलो आणि तात्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन वाटेवर आले. मी पळून बाभळीखाली थांबलो, तेही थांबले, आणि बराच वेळ मागं बघत राहिले.

"तुझा दम वाढला न्हाई, लेका," ते म्हणाले. "तुझी आय हळू झालीय."

मी वळून पाहिलं. पाटी खाली ठेवून ती वाटेतच वाकली होती. धावत गेलो तर म्हणाली, काटा मोडलाय. तिला धड खोटंही बोलता येत नव्हतं. काटा पायात मोडतो, आणि तिचा हात पोटावर होता.

दुखणं तिनं उन्हाळाभर अंगावर काढलं होतं. भरती होऊ दे, मग डॉक्टरला दाखवू, असं तिचं चाललं होतं. मी ऐकलं नाही, त्याच दिवशी एसटीनं शेवगावला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मला एकट्याला बाहेर बोलावलं.

भरतीच्या आधीच ती गेली. मला तिचा अजून राग येतो. पोट दुखतंय एवढं सांगायला काय झालं होतं तिला?

तेरावा उरकल्यावर तात्या घरी आले. ऊठ म्हणाले, भरती तोंडावर आलीय. मी त्या वाटेवर गेलो, पहिल्या बाभळीपर्यंत जीव खाऊन पळालो आणि येरझारा घालू लागलो. श्वास अर्धा बसला, मग पुरता बसला. कामावरच्या बाया पाट्या घेऊन पुढं निघून गेल्या, त्या दिवशी माझी कुणी खेचली नाही. ऊन चढलं तरी मी तिथंच उभा होतो, मागून कुणी निघ म्हणेल म्हणून.