थर्माकोलची घरं

भूकंपात आमचं घर पडलं, आणि ते माझ्या बापानंच बांधलेलं होतं. आम्ही बाहेर अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. अप्पा गवंडी. गावातल्या निम्म्या दगडी भिंती त्यांच्या हातच्या. पत्र्याच्या शेडात राहायला गेल्यावर लोक तोंडावर बोलायला लागले, "तुज्या भितींनीच मारलं की रं आमाला." नवीन घरं कंत्राटदार बांधत होता. तिथं अप्पांना बोलावलं ते दगड लावायला नाही, घमेली उचलायला. ते गेले. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. चहात दूध घालायचं आम्ही विसरूनच गेलो होतो.

दहावी झाल्यावर मी लातूरला आत्याकडे अकरावीला आले. प्रत्येक गल्लीत क्लास. प्रश्न पुरता वाचायच्या आधी उत्तर लिहायला लागणारी पोरं मी तिथं पाहिली, आणि त्यांना हुशार म्हणणारे आईबापही पाहिले.

त्या वर्षी एका सिमेंट कंपनीनं आमच्या कॉलेजशी करार केला. भूकंपात टिकणारं घर, हा प्रकल्प. मुलांनी मॉडेल करायचं, कंपनीच्या हलत्या टेबलावर ठेवायचं, काय होतं ते नोंदवायचं. कल्पना वाईट नव्हती. पण सर पडले क्लासवाले. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर निष्कर्ष लिहून दिला: 'मॉडेल शेवटपर्यंत स्थिर राहिले.' टेबल अजून पुण्याहून निघालंसुद्धा नव्हतं.

एकानं विचारलं, "सर, पण पडलं तर?"

"कसं पडंल? थर्माकोलचं करा."

सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. 'थर्माकोलचं करा' हेसुद्धा एका शहाण्यानं उतरवलं.

मी रविवारी गावी गेले आणि अप्पांना विचारलं, "आपली भिंत का फुटली?"

तोवर सगळ्यांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

"भितीला दोन तोंडं असत्यात, आतलं न् बाहेरचं. मधी चिखल न् कपच्या. दोन्हीला धरून ठिवायला आरपार लांब दगड लागतोय. माझा बाप घालायचा. मी सोडला."

"का?"

"घडवायला दिस जातोय. मालकाला घाई. बरं, गिलावा झाल्यावर दिसत बी न्हाई कुणाला."

"आपल्या घरात?"

"आपल्या बी न्हाई." एवढं बोलून ते उठून बाहेर गेले.

पुढच्या दोन रविवारी आम्ही दोघांनी दोन घरं बांधली. सुपारीएवढे दगड अप्पांनी छिन्नीनं घडवले. एकात लांब दगड नाही, दुसऱ्यात आहेत. बाकी सगळं सारखं, मातीच्या जड छपरासकट. एक घर त्यांच्या मांडीवर, एक माझ्या, असे आम्ही एस्टीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, "मामा, आता घरदार घेऊनच फिरायलाव की!"

प्रदर्शनात थर्माकोलचे बंगले. अंगणात हिरव्या भुश्शाची हिरवळ, खिडकीत लुकलुकणारे दिवे. सगळं फेविकॉलनं फळीला चिकटवलेलं. टेबल हललं, बंगले हलले, टाळ्या. कंपनीच्या साहेबांनी वह्या चाळल्या. सगळीकडे तेच वाक्य. "किती छान एकमत आहे!" साहेब म्हणाले. थट्टा करत असतील असं मला क्षणभर वाटलं. नव्हते करत.

माझी पाळी आली. सर कुजबुजले, "हा चिखल कशाला आणलास? टेबल घाण होईल." मी पोतं अंथरलं आणि पहिलं घर ठेवलं. भिंत पोटाशी फुगली, फुटली, छप्पर खाली बसलं. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. आमच्याकडच्या माणसांनी ते एकदा पाहिलेलं होतं.

दुसऱ्याला तडे गेले, एक कोपरा सरकला. टेबल थांबलं तेव्हा ते उभं होतं.

साहेब वाकले. "यात सिमेंट किती?"

"अजिबात नाही."

"मग हे आपल्या विषयात बसत नाही," असं म्हणून ते फोटो काढायला बंगल्यांकडे गेले. बक्षीस हिरवळवाल्याला. सर माझ्यावर उखडले, "निष्कर्ष लिहून दिला होता ना? तुझं एक पडलं, म्हणजे निम्मे मार्क गेले!" पडलेल्या घरावरूनच काही शिकायचं होतं, हे त्या माणसाला कोण समजावणार? मी नाही समजावलं. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

अप्पा दाराशी उभे होते. त्यांनी पुढं येऊन तड्यात बोट घातलं. "उभं हाय," म्हणाले.

ते घर त्यांनी परत गावी नेलं आणि शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं. लोक जमले. "लांब दगड सोडला ही माझी चूक," अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले. "आता सोडणार न्हाई. ज्याला बांधायचंय त्यानं सांगा." तिथं ज्यानं त्यांना सर्वात जास्त ऐकवलं होतं, त्याच म्हाताऱ्यानं चार दिवसांनी आपला गोठा त्यांना बांधायला दिला. वर म्हणाला, "बैलं हायत माझी, ध्यानात ठिव." गोठ्यानंतर एक घर मिळालं, मग दुसरं.

आमच्या वर्गातली एकमतवाली मंडळी पुढं कुठंकुठं लागली. त्यांनी काय बांधलं ते मी बघायला गेले नाही.

अप्पांच्या हातात पुन्हा ओळंबा आला. मी नांदेडला जाऊन स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली.