रहांगडाल्यांची चूल आणि मी

दुसऱ्याच्या रिकाम्या घरात राहायचं, त्याच्या कुत्र्यामांजरांना जेवू घालायचं आणि त्या बदल्यात फुकट मुक्काम करून गाव पाहायचं, अशी प्रवासाची एक तऱ्हा परदेशात आहे, असं मी एका रविवारच्या पुरवणीत वाचलं. माझ्या चिक्कूपणाला इतकं प्रतिष्ठित नाव आजवर कुणी दिलं नव्हतं. सोमवारी ऑफिसात जाहीर करून टाकलं की यापुढे आपण असाच प्रवास करणार. सगळे हसले. फक्त रहांगडाले हसला नाही. त्याचं घर गोंदिया जिल्ह्यात, दरेकसाच्या बाजूला. वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन नागपूरला ठरलं होतं, त्यामुळे आई आणि तो दोघंही त्यांच्यासोबत जाणार होते. मागे घर, एक कुत्रा आणि सात कोंबड्या.

"येता का, सर?" त्यानं विचारलं. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

गोंदियाहून निघालेल्या पॅसेंजरनं मला दरेकसा स्टेशनवर उतरवलं तेव्हा ऑक्टोबरातली सकाळ होती. उतरणारा मी एकटाच. समोर डोंगर, त्यावर दाट झाडी, आणि फलाट इतका लहान की माझी चाकांची बॅग पुरती घरंगळायच्या आत तो संपला. पुढची वाट बांध्यांमधून होती (बांधी म्हणजे धानाचं, भाताचं, चौकोनी शेत). धान ओंबीला आलं होतं. बॅगेची चाकं पहिल्याच वळणावर चिखलानं भरली, मग बॅगच मी डोक्यावर घेतली. वाटेत एका बाईनं विचारलं, "काय विकून राहिले जी?"

घर मातीचं, ऐसपैस, पुढे लांबलचक ओटा. कुत्र्याचं नाव ठाणेदार. त्यानं मला हुंगलं आणि निराश होऊन परत जाऊन बसला. रहांगडालेचे वडील, हेतरामबाबा, मफलर गुंडाळून खाटेवर बसले होते. सत्तरीचा माणूस ऑपरेशनला घाबरला होता आणि ते लपवतही नव्हता.

"पाव्हने, कुत्रा कोनाले चावत नाही. कोंबड्या आपल्या आपल्या खुराड्यात येतात. तुमी फक्त सकाळ-संध्याकाळ चूल पेटवत जाजा. घरातून धूर निघाला पाहिजे."

"माझ्या जेवणाची काळजी करू नका, बाबा," मी मोठ्या मनानं म्हणालो.

दुपारी जीप आली. बाबांनी निघताना शेजारच्या दाराकडे दोनदा पाहिलं. ते दार त्यांच्या धाकट्या भावाचं, झनकलालचं. दोघांत आठ वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, ते रहांगडालेलाही नीट सांगता आलं नाही. त्यात एक मोहाचं झाड होतं, एवढंच कळलं.

"आज तरी तो येईन वाटलं होतं," बाबा म्हणाले. "वापस नाही आलो तं?"

"बाबूजी, बसा ना," रहांगडाले म्हणाला. जीप गेली. शेजारचं दार बंदच राहिलं.

त्या संध्याकाळी मी चूल पेटवायला बसलो. अर्धी आगपेटी, एक जुना पेपर आणि माझ्या प्रवासाच्या डायरीची चार पानं खर्ची पडली. चूल सोडून बाकी सगळीकडे धूर झाला. डोळे इतके सुजले की ठाणेदार दोन दिसू लागले. गॅस नाही, स्टोव्ह नाही. मग मी ठरवलं की दुसऱ्याचं घर आपण स्वच्छ ठेवलं पाहिजे, राख-काजळी करण्यात काय अर्थ आहे? आळसाला तत्त्वाचा सदरा घालण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

पुढचे दोन दिवस माझे मोठ्या मजेत गेले. सकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवर आलूबोंडे, दुपारी केळी, संध्याकाळी चिवडा. सांदवाडीत (घरामागच्या परसात) खाट टाकून डोंगराकडे पाहत पडायचं. कोंबड्या खरोखरच आपल्या आपल्या येत होत्या. ठाणेदार मात्र माझ्याकडची बिस्किटं हुंगून तोंड फिरवायचा. त्याला सवय चुलीवर शिजलेल्या कण्यांची (तांदळाच्या चुरीची). तो उंबऱ्यावर पंजांवर तोंड टेकून पडून राहिला, भुंकेनासा झाला. मी डायरीत लिहिलं, 'अत्यंत शांत जातीचा कुत्रा.'

समोरच्या सरजाबाईंनी एकदा हटकलं. "नागपूरवरून फोन गिन आला काय जी?"

"नाही हो," मी म्हणालो. घरातला फोन पावसाळ्यापासून मुका होता. माझा मोबाइल सीमेपलीकडच्या राज्याचं नेटवर्क पकडायचा, म्हणून रोमिंग वाचवण्यासाठी तो बॅगेच्या तळाशी बंद करून ठेवला होता. सरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या छपराकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं. भात. थोड्या वेळानं डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आली, डाळीचा गंज (उभट पातेलं) ठेवून खाली मान घालून निघून गेली. मग दुसरी आली, मग तिसरी. "बसा ना, पाणी तरी घ्या," मी म्हणत होतो, पण पाणीसुद्धा कुणी घेईना. मी भारावून गेलो. पुण्यात पंधरा वर्षं एका घरात राहून कुणी लोणच्याची फोड दिली नव्हती. मी मांडी ठोकून बसलो आणि तिन्ही घरची डाळ ओरपली. एकाही डाळीला फोडणी नव्हती. त्याचीही नोंद केली, 'इकडचे लोक मनाने मोठे, लाजरे आणि जेवणात साधे.'

दुपारी शेजारचं दार उघडलं. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा पितळी डबा घेऊन आला. चेहरा हुबेहूब हेतरामबाबांचा. तो ओट्याच्या कडेला बसला, डबा माझ्याकडे सरकवला आणि बराच वेळ ठाणेदारच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"भाऊ बम जिद्दी होता," झनकलाल म्हणाला. "मीही जिद्दी. जीपचा आवाज आला तवा मी दारामागेच उभा होतो. कडीवर हात होता माहा." आणि तो टॉवेलात तोंड खुपसून रडू लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मले काय विचारता? तीन दिवस चूल थंड आहे. कुत्र्यानं अन्न सोडलं. गावाले का समजत नाही? माणूस घरी येईपर्यंत बातमी दडवता तुमी, बरोबर आहे तुमचं."

मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी अन्न आणून देतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? माझ्या आजोळीही हेच करत. पण त्याहून भयंकर म्हणजे, हे सगळं माझ्या चुलीवरून उठलंय हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, बाबा खरोखरच गेले, साऱ्या गावाला कळलं आणि मोबाइल बंद ठेवणारा मी तेवढा राहिलो. घाबरलेला तो म्हातारा, दोनदा शेजारी वळलेली त्याची नजर, सगळं आठवलं. आणि मी इथे बसून त्याच्या सुतकाचं अन्न ढेकर येईपर्यंत खाल्लं होतं! मीही रडायला लागलो. आम्ही दोघं ओट्यावर बसून मनापासून रडलो. मधे ठाणेदार.

तेवढ्यात जीप आली, निम्मं गाव तिच्या मागे होतं. आधी रहांगडाले उतरला, मग त्याची आई. मग मफलर.

हेतरामबाबा स्वतःच्या पायांनी उतरले. डॉक्टरांनी तूर्त गोळ्यांवर भागेल म्हणून परत पाठवलं होतं. त्यांनी गर्दी पाहिली, ओट्यावरची पातेली पाहिली, मला पाहिलं आणि शेवटी भावाला.

झनकलाल उभा राहिला. "जित्ता आहेस?"

"तुले काय वाटलं?"

"मंग माहा डबा वापस दे."

आठ वर्षांनंतरचं बोलणं हे एवढंच. बाबांनी डबा उचलला, उघडून आतला भात पाहिला. मग तो त्यांनी ठाणेदारपुढे पालथा केला. तीन दिवसांचा उपाशी कुत्रा अक्षरशः तुटून पडला.

"रिकामा डबा कसा देऊ?" बाबा म्हणाले. "आपल्या घरी रिकामं भांडं वापस देत नाही. माय काय शिकवून गेली? थांब थोडा. पाव्हने, चूल पेटवा!"

मी पुन्हा आगपेटी घेऊन बसलो. सारं गाव बघत होतं. चार काड्या वाया गेल्यावर झनकलालच आत आला. "सरका जी. कोनं ठेवलं होतं याले घर राखाले?" म्हणत त्यानं फुंकणी घेतली. धूर छपरातून वर गेला तेव्हा बाहेर सरजाबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. भात शिजेपर्यंत झनकलाल चुलीपाशीच बसला. त्याच्या शेजारी पाट ओढून बाबा बसले आणि मोहाच्या झाडावरून दोघांचं नव्यानं भांडण सुरू झालं. मला फार बरं वाटलं.

निघताना मी बाबांची माफी मागितली. "माफी कायले?" ते म्हणाले. "मी मेल्यावर कोन कोन येईन, ते जित्तेपनी पाहाले भेटलं. पण पुढच्या वेळी कुत्रा तुमच्या भरवशावर नाही ठेवत. तुमालेच कुत्र्याच्या भरवशावर ठेवतो."

पुण्यात परतल्यावर माझा स्वयंपाकघरातला गॅस आठवडाभर पेटला नाही. खानावळीचा डबा होता. कुणी काही विचारलं नाही, आणि विचारावं अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडानं करू? समोरच्या दाराशी दोन दिवसांचे पेपर पडले होते. एरवी मी ते पायानं बाजूला सारून जिना उतरलो असतो. त्या दिवशी खिचडी केली, डब्यात भरली आणि बेल वाजवली. दार किलकिलं झालं. समोरच्या जोशीकाकूंना ताप होता. त्यांनी आधी माझ्याकडे, मग डब्याकडे संशयानं पाहिलं.

"काही काम होतं का?" त्यांनी विचारलं.

चार दिवसांनी डबा परत आला, लख्ख घासलेला. दार लावून मी झाकण उघडलं. रिकामा होता. खात्री करायला मी ते पुन्हा एकदा उघडून पाहिलं.