पुढच्या गिऱ्हाइकाला डायलॉग

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी हमखास साचतात. लोकांनी परत न नेलेले हँडसेट आणि किस्से. हँडसेट निदान भंगारात तरी जातात. किस्से मात्र कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात, म्हणून तुम्हाला बसवलंय!

शेवगावला स्टँडच्या मागे आमच्या संतोषचं, म्हणजे संत्याचं, दुकान आहे. संध्याकाळी तिथं आम्ही तिघं जमतो. संत्या, टेम्पोवाला गण्या आणि मी. मी समोरच्या कृषी सेवा केंद्रात खतं-औषधं विकतो. तिघांनाही जपानी ॲनिमेचं, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचं, वेड. वय विचारू नका.

आमचा खेळ असा. एकानं एखाद्या पात्राचा डायलॉग म्हणायचा, वर एक हिंट द्यायची, बाकीच्यांनी सीरिज ओळखायची. जो हरेल त्यानं तोच डायलॉग आत शिरणाऱ्या पुढच्या माणसाला तोंडावर ऐकवायचा. चेहरा गंभीर ठेवून! मागून खुलासा केला तर दुप्पट शिक्षा.

* * *

पहिला बळी गण्या. डायलॉग एका खलनायकाचा होता आणि दारातून आले हवालदार, चार्जर घ्यायला. गण्याचा टेम्पो बाहेर नो-पार्किंगमध्ये उभा. पण नियम म्हणजे नियम.

गण्या चेहरा गंभीर करून म्हणाला, “आज तुझी सावलीसुद्धा मी शिल्लक ठेवणार नाही!”

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. “आरं, दिसभर उन्हात चौकात ड्यूटी लावलीय. सावली असती तर काय पायजे हुतं!”

चार्जर घेऊन गेले. गण्या त्यानंतर अर्धा तास स्टुलावरून उठला नाही.

* * *

संत्याचे वडील, अण्णा, दुकानात मागच्या खुर्चीवर पेपर वाचत बसतात. म्हणजे पेपर समोर धरतात आणि आमचंच ऐकतात. त्यांना आयुष्यात एकच काळजी. संत्या बत्तीस वर्षांचा झाला तरी लग्न जमत नाही. स्थळं येतात, दुकान बघतात, “पुण्यात नोकरी असती तर...” म्हणतात आणि जातात.

एकदा मी हिंट दिली, “हीरोचं गाव जळालंय, आई मेलीय, बाप गायब आहे.” या हिंटमध्ये निम्म्या सीरिज बसतात. आमचं भांडण पेटलं. अण्णांनी पेपर खाली घेतला.

“तुमच्या एकाबी हीरोचा बाप कसा जाग्यावर नसतो रे?”

“अण्णा, ती स्टोरीच तशी असते.”

“तशीच आसनार. बाप घरी आसता तर जग वाचवायच्या आधी पोराचं लग्न लावलं आसतं!”

* * *

मग अण्णाच खेळात उतरले. म्हणाले, “आता माझा वळखा. ‘इतकी वर्सं तुला सांगून सांगून माजा घसा बसला, पर तुझ्या कानावरची माशी उडंना!’ हिंट, म्हातारा बोलतोय, पोरगा मान खाली घालून उभा हाय.”

आम्ही हादरलो. अण्णांनी ॲनिमे बघितलं कधी? गण्याला कुठला तरी तलवारबाज गुरू आठवला. मी एका जादूगार आजोबांवर पैज लावली. संत्या मात्र समोरच्या मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला.

शेवटी आम्ही हरलो. अण्णा म्हणाले, “आज सकाळी. आमच्या सैपाकघरात.”

* * *

माझा किस्सा. आमच्या दुकानाचा शेतकऱ्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एका दुपारी मी संत्या-गण्याला टाकायची हिंट घाईत त्या ग्रुपवर टाकली. “ओळखा! अंगावर पट्टे, डोक्यावर उलटी खूण, कितीही खाल्लं तरी भूक भागत नाही. रात्री बाहेर पडतो.”

दोन मिनिटांत उत्तर आलं, “लष्करी अळी.”

दुसरा म्हणाला, “व्हय, अळीच. माझ्या मकाच्या पोंग्यात लई झालीय.” तिसऱ्यानं फोटोच टाकला. डिलीट करायच्या आत चौघं दुकानात हजर, औषध मागायला!

मालकांना खरं काय ते सांगितलं. मालक म्हणाले, “उद्या तुडतुड्यांवर एक टाक. त्या औषधाचा माल पडून आहे.”

* * *

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. पुढचं जरा अंगाशी आलं.

गण्यानं एका एकलकोंड्या योद्ध्याचा डायलॉग दिला. संत्याला ओळखता आला नाही. तेवढ्यात दारात कोण, तर संत्याचे नेवाशाचे मामा! मोबाईलमध्ये एका स्थळाच्या मुलीचा फोटो उघडून हसत हसत आत येत होते. मी डोळ्यांनी खुणावतोय, नको, नको. पण संत्या नियमाचा पक्का.

“मला कुणाची साथ नको. मी एकटा आलो, एकटाच जाणार!”

मामांनी फोटो बंद केला, मोबाईल खिशात ठेवला, “बरं,” म्हणाले आणि आल्या पावली परत. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत झालं की संत्या संन्यास घेतोय. अण्णांनी बोलणं टाकलं. संत्या रात्री जेवला नाही. आम्हाला खरंच फार वाईट वाटलं, कारण चूक तिघांची आणि नुकसान त्याच्या एकट्याचं.

दुसऱ्या दिवशी मी आणि गण्या नेवाशाला गेलो. मामांना बसवून खेळ समजावला. डायलॉग, हिंट, नियम, सगळं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी बत्तीस वर्सांचा घोडा रोज सांच्याला ह्ये करतो?”

“हो.”

“मंग संन्यासीच बरा हुता की!”

* * *

तरी मामांनी आणखी एक स्थळ आणलं. राजूरचं. मुलगी शिर्डीत हॉटेलच्या रिसेप्शनवर, वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. “ह्ये बी मोडलं तर मला मामा म्हनायचं न्हाई,” एवढंच बोलले. अण्णांनी संत्याकडून शपथ घेतली, तिथं जपानचं नाव काढायचं नाही.

आम्ही सगळे गण्याच्या मेव्हण्याच्या गाडीतून जिल्हा आडवा कापून राजूरला गेलो. मुलीचे वडील जाड मिशांचे. बिनतिकीट प्रवाशाकडे बघावं तसं संत्याकडे बघत होते. चहा-पोहे झाले आणि मुलामुलीला आतल्या खोलीत बोलायला पाठवलं. दार रीतीप्रमाणे अर्धं उघडं. मी दाराजवळच बसलो होतो.

आधी हवापाण्याचं बोलणं झालं. मग मुलीचा आवाज, “तुमच्या मोबाईलवर हा वॉलपेपर कुठला?”

संपलं, म्हटलं. संत्यानं शपथेला पाच मिनिटंही टिकाव धरला नाही. खेळ सांगितला, नियम सांगितला, वर डायलॉगही दिला. “मी निवड केलीय. आता मला अडवू नका.” हिंट, डोंगरातली मुलगी, एकटा बाप, कंदिलांचं दुकान.

इतकं सोपं शेंबडं पोरही सांगेल. मुलगी हसू दाबत म्हणाली, “नाही बाई येत. हरले मी.”

तेवढ्यात तिचे वडील उठले. “झालं का बोलून?” म्हणत थेट दारातून आत. मी डोळे मिटले.

मुलगी उभी राहिली. बापाच्या नजरेला नजर देऊन म्हणाली, “मी निवड केलीय. आता मला अडवू नका.”

बाहेर अण्णा कप ठेवून उठले. मामा चप्पल शोधू लागले.

वडील जागेवर थांबले. मग त्यांनी त्या सीरिजचं पूर्ण जपानी नाव घेतलं, आमच्यातल्या कुणालाही कधी जमलं नाही इतकं स्वच्छ. “पहिल्या सीझनचा शेवटचा भाग. पोरीसंगं दोनदा बगितलाय,” म्हणाले.

आणि संत्याकडे वळले.

“दुसरा सीझन बगितला का तुमी? त्यात ह्योच बाप जावयाला कड्यावरून खाली फेकतो.”

“बघितलाय, काका.”

“मंग बसा. जेवूनच जा.”