धाकटी शहराला निघाली

माझी धाकटी जाऊ माणसं तोंडावरून ओळखत नाही, कॉलरवरून ओळखते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती शाळेचे गणवेश शिवते. आमच्या भागातलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्या हातच्या कापडात लहानाचं मोठं झालं. रस्त्याने एखादा मुलगा धावत गेला की ही म्हणणार, "बघा ताई, खांद्यात झोल राहिलाय. मापाला सरळ उभा राहील तर शपथ." मुलगा कोणाचा विचारलं, तर ते मात्र तिला ठाऊक नसतं.

एकदा माझ्या नातवाला शाळेतून आणायला गेली आणि कंपाउंडरचा मुलगा घेऊन आली. ते बिचारं वाटभर सांगत होतं, "अहो आजी, मी तो नाही." हिचं आपलं एकच, "गप रे. मी शिवलेली कॉलर मला कळत नाही होय?" आमचं ध्यान तिकडे पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून त्याच्याच डब्यातलं हाणत होतं. आम्ही हसून हसून पोट धरलं. ती हसली नाही. दोन दिवस मशीनला हात लावला नाही तिने. मला वाटलं, पाठ धरली असेल. माणसाला दुसऱ्याच्या पाठीचं दुखणं चटकन सुचतं.

दीर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी नातवंडं धाकटीच्या मशीनखालीच रांगली, चिंध्यांशी खेळली आणि तिला टाकेआजी म्हणायला लागली. मी सख्खी आजी, पण माझा नंबर दुसरा. मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे रोज वाटत नाही.

तर यंदाच्या सुट्टीत सुनेने ठरवलं, मुलांना मोठं शहर दाखवायचं. सून दवाखान्यात रक्त तपासते, त्यामुळे तिला सगळं आधी काटेकोर लागतं. ती आणि माझा मुलगा संध्याकाळी जमिनीवर नकाशा पसरून बसायचे. नातीला संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा बघायचा होता. नातवाला सरकत्या जिन्यावर चढायचं होतं, आणि शक्य झालं तर दिवसभर तेवढंच करायचं होतं. माझे गुडघे संपावर गेलेले, म्हणून मी घर राखणार आणि धाकटी त्यांच्यासोबत जाणार, असं तिला न विचारताच ठरलं. तिला कोणी कधी विचारायचंच नाही. विचारलं तरी ती हो म्हणायची.

धाकटी सुईत दोरा ओवत बसली होती. सून म्हणाली, "काकू, गर्दीत मुलं लांबून दिसायला हवीत. सगळ्यांना एकाच कापडाचे शर्ट शिवा. निळं काहीतरी घ्या. फोनवर बघितलं मी, हल्ली सगळे असंच करतात."

धाकटीने दोरा खाली ठेवला. "नाही," म्हणाली.

आमच्या घरात हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. दीर म्हणायचे, हिला कोणी नाही म्हणायला लावलं तर त्याला बक्षीस देईन. ते बक्षीस न देताच गेले.

"बरं, वेगवेगळ्या रंगांचे शिवा मग," सून म्हणाली.

"शिवणार नाही. मी येणारही नाही. आणि मुलांना नेऊ नका."

"अहो काकू, रजा मंजूर झालीय माझी," मुलगा म्हणाला. "राहायची जागा ठरलीय."

"मग तुम्ही दोघं जा. पोरं इथेच राहतील."

नात रडायला लागली. "टाकेआजी नाही तर मीही नाही." नातू म्हणाला, "मी जाणार! मी एकटा जाणार!" हे ऐकून धाकटीचा चेहरा असा पांढरा पडला की सुनेने उठून पाणी आणलं.

तिचा लहान भाऊ शहरात हरवला होता, हे आम्हाला लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं. त्याबद्दल बोलायचं नाही, असंही सांगितलं होतं. आम्ही बोललो नाही. न बोलता इतकी वर्षं गेली की मला वाटलं, जखम केव्हाच वाळली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा आणि सून कामावर, मुलं बाहेर खेळायला गेलेली. धाकटीच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. एकसारखा, मध्ये कुठेही न थांबता. शिवणाऱ्याचं मशीन कसं, थांबतं, वळतं, दम खातं. हे नुसतं चालत होतं. आत जाऊन बघते तर सुईत दोराच नाही. कापडावर ओळीने भोकं पडत चालली होती, टाका एकही नव्हता. अख्खं कापड चाळणी झालं होतं.

"काय शिवतेस गं?"

"काही नाही. पाय चालू आहेत."

मी चाकावर हात ठेवून ते थांबवलं. मग ती बोलायला लागली, कापडाकडे बघत.

तिची आईही शिवणारीच. मुलांना शहर दाखवायला नेलं तेव्हा तिने उरलेल्या निळ्या कापडाच्या ठाणातून दोघांना कपडे शिवले, का, तर लांबून दिसतील. शहरातल्या बागेत कुठल्याशा शाळेची सहल आली होती. त्यांचाही गणवेश निळाच. आई मान वर करून बघायची, निळं दिसलं की निर्धास्त व्हायची. ती रांग निघून गेली, तसा तिचा मुलगाही गेला.

"हे मला माहीत आहे," मी म्हटलं. पूर्ण माहीत नव्हतं, पण तिला थांबवावंसं वाटलं.

"हे नाही माहीत," ती म्हणाली. "सापडला होता तो."

मी चाकावरचा हात काढला.

"म्हणजे एक मुलगा सापडला होता. काही दिवसांनी आम्हाला बालगृहात बोलावलं. त्याचं डोकं भादरलेलं, तोंड सुजलेलं, अंगात ताप. एक शब्द बोलत नव्हता. आई पुढे झाली आणि तिने पहिल्यांदा काय केलं असेल ताई? त्याची कॉलर उलटी केली. टीप बघितली. म्हणाली, ही माझी शिलाई नाही. हा माझा नाही."

"अगं, पण कपडे..."

"बदलले होते. तिथे आल्या आल्या सगळ्यांचे बदलतात. हे बाबांना घरी परत आल्यावर सुचलं. धावत गेले. तोवर त्याची माणसं येऊन त्याला घेऊन गेली म्हणे. कुठली माणसं, कुणाला नीट सांगता येईना."

"आणि तू? तू काय बघितलंस?"

"मी तोंड बघितलं. मी आईला म्हटलं, तो आहे. आई म्हणाली, गप, तुला काय कळतं? त्याने माझ्याकडे बघितलं, ताई. मग मान खाली घातली."

"तोच होता?"

"ते कळलं असतं तर एकदाच रडून मोकळी झाले असते ना."

खिडकीबाहेर मुलांचा दंगा चालला होता. मला उगीच वाटलं, त्यात एक आवाज जास्तीचा आहे.

ती सांगत राहिली. आई दरवर्षी त्याच्यासाठी एक शर्ट शिवायची, माप थोडं वाढवून. शर्ट मोठे होत गेले आणि कपाट भरत गेलं. मग एका वर्षी आईने माप वाढवायचं थांबवलं. म्हणाली, आता पुरुष झाला, आता एवढाच राहील. वारली त्या वर्षापर्यंत शिवत होती.

मला रडू यायला लागलं की मी भांडते, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "मग आता काय, आमच्या पोरांनी जन्मभर याच गल्लीत फिरायचं? तुझ्या आईने चूक केली म्हणून देवमाशाने वाट बघत बसायचं?"

"आईची नाही, माझी भीती वाटते मला," ती म्हणाली. "भावाचं तोंड अजून डोळ्यांपुढे आहे. तुमच्या नातवाचं आठवून बघते तर येत नाही. डोळे मिटले की नुसती कॉलर दिसते. गर्दीत तो हरवला आणि समोर आणून उभा केला, तर मी काय बघणार? कंपाउंडरचा पोरगा आणला होता ना घरी?"

आम्ही त्या दिवशी किती हसलो होतो.

"मग बघ की त्याचं तोंड," मी म्हटलं. "घरातच असतं ते. बहुतेक वेळ माखलेलंच असतं, पण असतं."

मी नातवाला हाक मारली. धाकटीने त्याचा शर्ट काढून बाजूला टाकला आणि त्याला समोर स्टुलावर बसवलं.

"टाकेआजी, मी काही केलं नाही. खरंच. काच आधीच फुटलेली होती."

"कुठली काच?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. भुवईतली खोक, कानामागचा तीळ, पुढच्या दातांमधली फट. बोटं कापडावरून फिरावीत तशी फिरत होती. जरा वेळाने बोटं आखडली आणि चाचपायला लागली, जणू पहिल्यांदाच कोणा माणसाला हात लावत होती.

"झालं माप?" त्याने विचारलं.

"नाही झालं. बस."

मग नातीची पाळी. मग रोजच सगळ्यांची. चहा पिता पिता ती टक लावून बघत बसायची. मुलगा वैतागला. "आई, काकू माझ्याकडे अशी काय बघते? मी काय चोरी केलीय?" मी म्हटलं, "बघू दे. तुझ्याकडे इतकं कोण बघणार आहे आता या वयात?"

एक दिवस ती आरशासमोर उभी दिसली. दोन्ही हातांनी केस मागे दाबून धरलेले. मला म्हणाली, "ताई, माझ्या तोंडावर मिशी काढली तर तो दिसेल का हो? आम्ही दोघं बाबांवर गेलो होतो."

आरशात खरोखरच कोणीतरी वयस्क पुरुष उभा असल्यासारखं वाटलं, आणि मी नजर काढून घेतली.

त्या संध्याकाळी तिने सुनेला सांगितलं, "मी येते. पण मुलांना दुकानातले शर्ट घ्या. ज्यावर माझी टीप नाही, असे." आमच्या घरात विकतचे शर्ट पहिल्यांदाच आले. नातू खूश, त्यावर वाघ होता.

मी तिला एकटीला गाठलं. "पोरांसाठी जातेस ना?"

"पोरांसाठीच."

"आणि?"

"आणि काय ताई. शहर मोठं आहे."

निघायच्या दिवशी मी गुडघ्यांना शिव्या देत बस स्टँडवर गेले. सुनेला बाजूला घेऊन म्हटलं, "मुलांचे हात तू धर. तिचे मोकळे राहू देत." सुनेने का म्हणून विचारलं नाही. रक्त तपासणाऱ्या माणसाला न सांगितलेलं कळतं बहुतेक.

बसमध्ये खिडकीवरून रडारड झाली. जन्मात नातवाला कशाला नाही न म्हणणारी धाकटी म्हणाली, "आज खिडकी माझी." तो आईच्या मांडीवर फुगून बसला. धाकटीने काच सरकवली आणि तोंड बाहेर काढलं.

मी खालून म्हटलं, "अगं काच लाव, धूळ जाईल तोंडात."

"नको. काचेतून माणूस ओळखू येत नाही. मला तो ओळखू आला नाही, तर त्याला तरी मी येईन."

"शहर अजून कुठल्या कुठे आहे, वेडे. इथे कोण ओळखणार तुला?"

ती माझ्याकडे वळली. अगदी शांतपणे म्हणाली, "त्याला कुठे नेलं, ते कुठे माहीत आहे आपल्याला?"

तेवढ्यात स्टँड झाडणारा एक म्हातारा खिडकीखालून गेला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, तो पुढे गेला तरी मान वळवून बघत राहिली. मग बस सुरू झाली. मुलांनी हात हलवले. तिने नाही हलवला. ती बघत होती.

बस वळून दिसेनाशी झाली. मी घरी जायला वळले, पण निघालेच नाही. तो म्हातारा बाकाखालचा कचरा ओढत होता. वय तिच्या भावाएवढंच असेल. धाकटीसारखंच निमुळतं कपाळ, जवळ जवळ असलेले डोळे. मी थांबून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय शोधताय, मावशी?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "घर कुठलं तुमचं?"