भोकरदनची वाट, वारा वगळून

माझ्यासारख्या तापट माणसानं वाऱ्याशी भांडण काढू नये. माणूस भांडून भांडून कधीतरी दमतो तरी. वारा काही दमत नाही. पण गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याशी भांडलो, आणि काय मजा आली म्हणून सांगू!

त्याचं असं झालं. माझी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, शहागडला असते. हायवेला लागून तिच्या मुलाचं टायरचं दुकान, दुकानामागं घर. पावसाळ्यात मावशी न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मावशी पहिल्यासारखी राहिली नाही. एरवी तिच्यासमोर बसलेल्या माणसाला गरम चहा कधी प्यायला मिळाला नाही, इतकं ती बोलायची. आता खिडकीपाशी खुर्ची टाकून हायवेवरचे ट्रक बघत बसायची. फोन केला की "हं", "बरं", "ठेवू का?" संपलं.

दिवाळीला सगळे भोकरदनला मामाकडे जमतात. तेच आईचं आणि मावशीचं माहेर. या दिवाळीला मावशी नव्हती. त्या पायानं एवढ्या लांब गाडीत बसणं कसं जमायचं, असं आम्ही आपापसात बोललो आणि धरूनच चाललो. भाऊबीजेला मामाला आईनं एकटीनं ओवाळलं. तिथून जालन्याला परत आल्यापासून तिचं कशात लक्ष नव्हतं.

"आक्का बोलायचीच बंद झाली रे," एक दिवस ती म्हणाली. "अशानं ती त्या खुर्चीतच संपून जाईल. तिला कायतरी दाखव."

"काय दाखवू?"

"भोकरदनची वाट दाखव. तुझा तो कॅमेरा पडूनच हाय ना?"

तो कॅमेरा म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, गाडीला बाहेरून चिकटवायचा अ‍ॅक्शन कॅमेरा. प्रवासाचे व्हिडिओ काढीन म्हणून हौसेनं घेतला होता. मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत ऑफिसात बसतो. माझा प्रवास म्हणजे घर ते ऑफिस. कॅमेरा शोकेसमध्ये बसून होता आणि बायको येता-जाता टोमणे मारत होती. आईनं सांगितलं आणि माझ्या अंगात वारंच शिरलं! राजूरवरून भोकरदनपर्यंत सगळा रस्ता काढायचा. आई शेजारी बसून बहिणीशी बोलल्यासारखी बोलत जाणार. मावशी ते टीव्हीवर बघणार, आणि तिचंही तोंड उघडणार. झकास बेत!

पहिल्याच रविवारी बॉनेटच्या पुढच्या टोकाला कॅमेरा चिकटवून निघालो. आईचा आवाज बाहेर जावा म्हणून मी चारही काचा खाली केल्या. माझी अक्कल बघा! आई भोकरदनपर्यंत बोलत होती. "आक्का, हे बघ, मोसंबीचा बाग. आक्का, इथं आपली यष्टी फेल झाल्ती, तू रडल्ती. आक्का, राजूर आलं, हात जोड." घरी येऊन टीव्हीला लावलं. चित्र काय सुरेख! ऊन, तुरीची पिवळी फुलं, राजूरचा कळस. आणि आवाज? घर्रर्रर्र! पिठाच्या गिरणीत कान घातल्यासारखं. गावापासून गावापर्यंत नुसतं घर्रर्र.

"माझा आवाज कुठाय?" आईनं विचारलं.

"हा वाऱ्याचा आवाज आहे, आई."

"मंग मी एवढं सगळं वाऱ्यालाच सांगून राह्यल्ते काय?"

मी पेटलो. एवढाल्या गाड्या पळतात, विमानं उडतात, आणि एका कॅमेऱ्याला माझ्या आईचं बोलणं ऐकू येऊ नये? आधी कॅमेऱ्यातच वारा कमी करायचं जे बटण होतं, ते चालू केलं. वारा थोडा कमी झाला, पण आई पत्र्याच्या डब्यात बसून बोलतेय असं वाटायला लागलं. मग भांडी घासायचा नवा स्पंज कापून कॅमेऱ्याच्या कानाशी, म्हणजे माईकच्या भोकांपाशी, रबरबँडनं बांधला. राजूरच्या अलीकडं रबर तुटलं आणि स्पंज उडून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या छातीवर बसला. त्या भल्या माणसानं आम्हाला गाठून तो परत दिला. "भाऊ, भांडे घासत चालले का?" असं विचारून गेलासुद्धा. आई हसता हसता ठसकली. मला मात्र असा राग आला की स्पंज तिथंच फेकणार होतो.

बायकोनं डोकं लावलं. ती म्हणाली, "अहो, वारा सगळीकडं सारखा थोडाच लागतो? आधी बघा तरी कुठं कमी लागतोय." तिनं बॉनेटभर, काचेपाशी, आरशापाशी सुताचे बोटभर तुकडे चिकटवले. मी गाडी चालवतोय, ती शेजारून सुतांवर नजर ठेवून ओरडतेय, "पुढचं नुसतं थयथय नाचतंय! आरशाजवळचं तर तुटलं! अहो, काचेच्या खालचं बघा, काचेच्या खालचं! गप पडलंय!" खरंच की! बॉनेट संपून काच जिथं सुरू होते, त्या बेचक्यात सूत जरासं हलत होतं, बस्स. वारा वर चढून काचेवरून निघून जात होता. आम्ही दोघं अंबड रोडच्या कडेला गाडी थांबवून असे ओरडलो की उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, अपघात झाला. कॅमेरा तिथं बसवला आणि निम्मा वारा गेला.

उरलेला निम्मा आईनं घालवला. "आपल्याला गार वारा लागला की आपण काय करतो? कानटोपी घालतो ना? मंग त्याला घाल की!" आणि तिनं उरलेल्या केसाळ लोकरीची, पुढं काचेपुरतं भोक ठेवून, कॅमेऱ्याला कानटोपी विणली. निळी. कॅमेरा शाळेत जायला निघाल्यासारखा दिसायला लागला. शिवाय तिच्या पदराला एक बारीकसा माईक लावला आणि काचा बंद केल्या. बाहेरचा आवाज टोपीतून, आईचा आवाज पदरातून, घरी दोन्ही जोडायचे.

पुन्हा निघालो. घरी येऊन लावलं तर काय सांगू! चाकाखालची खडी ऐकू आली. राजूरची घंटा ऐकू आली. एका ठिकाणी शेतातून कुणीतरी बैलाला शिवी दिली, तीही स्वच्छ ऐकू आली. मी सोफ्यावर उडीच मारली. आणि मग त्या सगळ्याच्या मागून, हळूच, न थांबता: फट फट फट फट.

आता बोला! गाडी हळू केली की फट, फट. पळवली की फटफटफटफट. मी नंबरप्लेट घट्ट केली. वायपर बांधले. डिकीतलं सामान काढलं. आईच्या बांगड्यांवर शंका घेतली आणि बोलणी खाल्ली. बायकोला बॉनेटवर कान लावायला सांगितलं, तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की विषय तिथंच मिटला. पुन्हा सुतं चिकटवली, पुन्हा काढली. माझ्या तर नाकात दम आला. शेवटी अंगणात गाडी उभी करून चिडून टोपी ओढून काढली, आणि टोपीबरोबर हातात आला एक लाल नाडा.

दसऱ्याला आईनं घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. तेव्हा कॅमेऱ्याच्या स्टँडलाही नाडा बांधला होता. त्याचं लोंबतं टोक टोपीखालून बाहेर येऊन वाऱ्यानं कॅमेऱ्याच्या पाठीवर आपटत होतं. आणि मला ते दिसलं कसं नाही? कसं दिसणार! आमच्या घरात फ्रिजला नाडा, मिक्सरला नाडा, गॅसच्या टाकीला नाडा, माझ्या लॅपटॉपला नाडा. डोळ्यांना तो दिसायचाच बंद झालाय. बॉनेटवरची पांढरी सुतं डोळ्यांत तेल घालून बघत होतो आणि त्यांच्या शेजारी लाल नाडा नाचत होता. काखेत कळसा न् गावाला वळसा, दुसरं काय!

मी कात्री आणायला निघालो तर आई आडवी आली. "तोडायचा बिलकुल न्हाई. दसऱ्याचा हाय."

"अगं पण तोच आवाज करतोय!"

"मंग त्याला गप बसव. तोडतोस कशाला?" तिनं टोक स्टँडभोवती गुंडाळलं, आत खोचलं आणि वरून टोपी घातली. झालं. एवढंच होतं ते.

शेवटची फेरी आम्ही सणासारखी काढली. आई नवी साडी नेसली. हवा गार, आभाळ निळं, रस्ता मोकळा. आई अशी बोलली, अशी बोलली! कुठल्या विहिरीत आक्काची चप्पल पडल्ती, कुठल्या फाट्यावर दोघींनी चोरून भेळ खाल्ली, कुणाच्या लग्नात आक्का रुसून बसल्ती. भोकरदन आलं, बाजार आला, शाळा आली, मामाचं घर आलं. मामा काठी टेकत दारात आला आणि आईनं शिकवल्याप्रमाणं कॅमेऱ्याकडं बघून बोलला, "आक्का, बरी हायस ना? पाय जप. दगदग करू नको. घरातच राह्य." घरी लावून बघितलं. वारा नाही, फटफट नाही, मामाच्या काठीचा टेकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मी बायकोला, बायकोनं आईला, आईनं मला टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि आम्ही तिघं शहागडला पोचलो. मावसभावानं दुकानातून येऊन टीव्ही लावला. मावशीची खुर्ची खिडकीकडून फिरवून टीव्हीसमोर आणली. तिनं मान खाली घातली. मावसभावाच्या हातातला रिमोट घेऊन मी व्हिडिओ चालू केला.

गाडी जालन्यातून निघाली. आईचा आवाज आला, "आक्का, चल गं." मावशीनं मान वर केली. मोसंबीचा बाग आला. यष्टी बंद पडलेली जागा आली आणि टीव्हीतली आई म्हणाली, "इथं तू रडल्ती." आणि मावशी एकदम कडाडली, "मी कशाला रडते? रडल्ती तू! मी तुला चिंचा देऊन गप केलं!"

आम्ही सगळे तिच्याकडं बघायला लागलो. मावशीची सून स्वयंपाकघरातून हातात पोळी घेऊन पळत आली. पुढं काय विचारता! राजूरला मावशीनं हात जोडले. चपलेच्या विहिरीपाशी हसून हसून डोळे पुसले. भेळ कुणी मागितली यावरून ती टीव्हीतल्या आईशी आणि शेजारच्या आईशी एकाच वेळी भांडायला लागली. चहा आला, गार झाला, कुणी प्यायला नाही. मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. जिंकलो! वारा हरला!

मग मामाचं घर आलं. मामा दारात आला, बोलला, "घरातच राह्य." व्हिडिओ संपला. आणि मावशी पदर तोंडाला लावून रडायला लागली. हसल्याचं रडणं नव्हे ते. तिचे खांदे हलत होते.

आई घाबरली. "आक्का, काय झालं? पाय दुखतो का?"

"पायाला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली. "डॉक्टर कवाच म्हणला, गाडीत बसा, हळूहळू फिरा. विचार ह्याला."

मावसभाऊ खाली बघत म्हणाला, "हो, म्हणले ना डॉक्टर. पण आईच कुठं निघायला तयार न्हाई. मी म्हणलं, सोडतो भोकरदनला. तर नको म्हणली."

"म्या आपल्या मनानं जाऊ? बिनबोलवती?" मावशी आईकडं वळली. "लग्न झाल्यापासून एक वरीस असं गेलं न्हाई की मला न्यायला माहेरचं मूळ आलं न्हाई. आधी बाबा यायचे, मंग भाऊ यायचा. ह्या दिवाळीला कोणीबी न्यायला आलं न्हाई. कोणी म्हणलं न्हाई, आक्का, चल. आता अख्खी वाट धाडली टीव्हीत घालून, अन् वरून भाऊ म्हणतो, घरातच राह्य."

आम्ही सगळे तिच्या पायाला जपत होतो. दिवाळीत न्यायला कुणी गेलं नाही, तर पोरीला माहेर बंद झालं असंच वाटतं, मग ती पोर सत्तरीची का असेना. हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही. मी रिमोट हातात धरून नुसता उभा. मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला, इतका राग आला.

आई मात्र उठली. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि बहिणीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मी कोण्या घरची हाय, आक्का?"

"म्हणजे?"

"त्याच घरची ना? मंग मी मूळ आलेय. चल."

"बाईमाणूस कुठं मूळ येतं का गं?"

"आजपासून येतं. गाडी दारात हाय, ड्रायव्हर हाय. भाऊ नंतर भेटला की त्याचं मी बघते. ऊठ, जल्दी कर, दिवस असंपर्यंत पोचू." आणि मागं वळून ती सुनेला म्हणाली, "पोरी, आक्काचे दोन लुगडे काढ अन् पिशवी भर."

मावशीनं आईच्या गळ्यात हात टाकले, उठायला जोर लावला आणि तिच्या खांद्यावरूनच सुनेला सांगितलं, "काही काढू नको. पलंगाखाली बघ. भाऊबीजेपासून पिशवी भरूनच ठेवलीय."