एका रिंगचा करार

मंडळी, माझा मुलगा समुद्रात बुडालेलं जुनं जहाज उकरणाऱ्या बोटीवर कामाला आहे. पाणबुड्या खाली उतरला की वरून त्याचा दोर हा धरतो. दोराला एक झटका बसला म्हणजे खाली सगळं ठीक.

आमचंही तसंच ठरलंय. काम संपलं की तो एक रिंग देतो. ती येईपर्यंत मला घास उतरत नाही. मी फोन उचलला, तर इकडे काहीतरी बिघडलं असं त्यानं समजायचं.

आज देवपूरच्या घरात दिवसभर कोणाशी बोललो नव्हतो. रिंग आली आणि मी फोन उचलला.

“आबा, काय व्हयनं?” तो ओरडलाच.

“काही नही रे. तुना आवाज ऐकाना व्हता.”

तो म्हणाला, “मंग बोला ना.”

मंडळी, तुम्ही काय बोलता हो अशा वेळी?