पुस्तक इथं, तबकड्या तिथं

लातूरकडून येणाऱ्या छोट्या गाडीतून येडशीला उतरले, तेव्हा फलाटावरच्या बाकावर रज्जाकभाई बसलेले दिसले. धाराशिवच्या बाजारात पुस्तकं बांधून देणारे हे रज्जाकभाई. मला पाहून ते उठले, टोपी सारखी करत म्हणाले, "अप्पा गुजर गये, बाई. परवा. मुरुमला." गावात जाणारी मोटार येईपर्यंत आम्ही दोघं त्याच बाकावर बसून राहिलो. खरं सांगते, माझ्या मनात आधी दुःख आलं नाही, चीड आली. कुणाची, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

ज्या वाचनालयात अप्पांनी मदतनीस म्हणून जन्म काढला, तिथं पुढच्या रविवारी त्यांची शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले, कैलासवासी गुरुलिंगप्पा हे मितभाषी आणि मनमिळाऊ होते, त्यांचा कधी कुणाशी वाद झाला नाही. मी मागं बायकांच्या बाजूला बसले होते. उठून बोलावंसं वाटलं, पण हार घालायचे राहिले होते आणि लोक घड्याळाकडं पाहायला लागले होते. ज्या माणसानं नोकरीतली सगळी उमेद एका भांडणात घालवली, त्याला मनमिळाऊ म्हणून मोकळं व्हायचं, हे मला सहन झालं नाही. ते भांडण कशाचं होतं, निदान तेवढं तरी लोकांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

निजामाचं राज्य संपून आमचा मुलूख भारतात सामील झाला, तेव्हा मी मुलींच्या उर्दू शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. घरी आम्ही दखनी बोलत असू. अब्बा तहसिलीत उर्दू कारकून होते. कचेरीची भाषा बदलली तशी त्यांची नोकरी गेली, आणि पाठोपाठ नजरही अधू झाली. घर माझ्या पगारावर आलं. काही वर्षांनी हुकूम निघाला की आमच्या शाळेतल्या शिक्षिकांनी मराठीची परीक्षा द्यायची, लेखी आणि तोंडी. जी पास होणार नाही, तिची जागा राहणार नाही. बाजारापुरतं मराठी मला येत होतं. भाजी घेता येत होती, भांडता येत नव्हतं.

म्हणून मी वाचनालयाची पायरी चढले. बुरख्यातली बाई तिथं येणं तेव्हा नवीनच होतं. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. टेबलामागं अप्पा बसले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे, कोटाच्या खिशाला शाईचा डाग. ते मूळचे मुरुमचे. घरी कानडी, शाळा उर्दूतून, आणि मराठी गावात वावरून आणि हाताला येईल ते वाचून कमावलेलं. परीक्षेचं सांगून मी उर्दूतच मराठी शिकायचं पुस्तक मागितलं. त्यांचं उर्दू माझ्यापेक्षा नेमकं होतं, हे मला नंतर कळलं, कारण त्या दिवशी त्यांनी उत्तर मराठीत दिलं.

"बाई, माझ्यासंगं उर्दू बोलू नका. तुमी बोललात की मीबी उर्दूत बोलनार, अन् तुमची परीक्षा तिथंच ऱ्हाईल."

त्याच सुमारास वाचनालयात एक नवं खोकं आलं होतं. त्यात उर्दू जाणणाऱ्यांना मराठी शिकवणारं पुस्तक होतं आणि त्या पुस्तकाच्या जोडीला ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. पानापानावर सूचना होती की आता तबकडी लावा आणि ऐका. 'जग' हा शब्द घ्या. दुनिया या अर्थाचं जग वेगळं म्हणायचं आणि 'शंभर वर्षं जग' यातलं जग वेगळं. कागदावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. माझ्यासारखीनं ती कशी ओळखायची? 'चार' आणि 'चारा' यांचंही तेच. कान असल्याशिवाय ते पुस्तक उघडून उपयोग नव्हता.

अप्पांनी पुस्तकाचं आणि तबकड्यांचं मिळून नोंदीचं एकच कार्ड केलं. रज्जाकभाईंकडून दोन्ही एकत्र मावतील अशी पुठ्ठ्याची पेटी करून घेतली. कार्डाच्या तळाशी लिहिलं, 'सोबत तबकड्या. वेगळ्या करू नयेत.' वाचनालयाकडं ग्रामोफोन नव्हता, पण चौकातल्या हॉटेलवाल्यानं दुपारच्या वेळी आपला बाजा द्यायचं कबूल केलं होतं. अप्पा मला म्हणाले, "सोमवारी या. बाजा आनून ठेवतो."

सोमवारच्या आधी वरच्या कार्यालयातून तपासनीस आले. पुढं जे झालं ते मी पाहिलं नाही, पण अप्पांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. तपासनिसांनी पेटी उघडली आणि विचारलं, "तबकडी म्हणजे पुस्तक का?"

"न्हाय साहेब. पन हे पुस्तक तबकडीबिगर वाचता येत न्हाय."

"वाचता येत नाही ते पुस्तक कसलं? वाचनालयात वाचायच्या वस्तू ठेवतात. ऐकायच्या नाही."

"मग ह्या कुठं ठेवायच्या?"

"जिथं इतर सामान ठेवतात तिथं."

त्यांनी कार्डावरची शेवटची ओळ लाल शाईनं खोडली. पुस्तक कपाटात राहिलं. तबकड्या खुर्च्या, कंदील आणि रांजणांच्या यादीत जाऊन कचेरीमागच्या पत्र्याच्या भांडारात कुलूपबंद झाल्या. मी सोमवारी गेले, तेव्हा अप्पा रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

तिथून पुढं जे सुरू झालं, ते आठवलं की अजून माझ्या कपाळाची शीर उठते. भांडारवाल्यानं सांगितलं, तबकड्या द्यायला हरकत नाही, पण त्या यंत्राबरोबरच देता येतात. यंत्र सरकारी प्रचाराच्या गाडीत, गाडी खेड्यापाड्यांतून फिरतीवर. गाडी परतली तर कळलं की परवानगी दुसऱ्या साहेबांची लागते. दुसरे साहेब म्हणाले, पुस्तकाबरोबरच्या वस्तूचा निर्णय वाचनालयानं घ्यावा. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, ती वस्तू आता आपली कुठं आहे? अप्पांनी अर्ज केले. उत्तर यायचं, 'विचाराधीन'. त्यांनी कार्ड नव्यानं लिहून खणात ठेवलं, तळाशी तीच ओळ. पुढच्या तपासणीत ती पुन्हा खोडली गेली. त्यांनी पुन्हा लिहिली. चिटणीस म्हणाले, "गुरुलिंगप्पा, एका ओळीसाठी कशाला वैर घेता?" अप्पा म्हणाले, "मंग तुमीच सांगा, ह्या बाईनं मराठी कुठनं ऐकावं?" चिटणीस हसले आणि चहा मागवला.

परीक्षा जवळ आली. एक दिवस अप्पा म्हणाले, "तबकडी मिळंना. तर तबकडी मीच." वाचनालयाला सुट्टी असायची त्या दिवशी बाजूच्या खोलीत ते मला शिकवायला लागले. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून त्यांनी आपल्या पत्नीला, नागम्मांना, बरोबर बसवलं. नागम्मा कोपऱ्यात ज्वारी निवडत बसायच्या. पुस्तकात 'तबकडी लावा' असं आलं की अप्पा घसा साफ करून तो धडा मोठ्यानं म्हणायचे, एक बाजू संपली की थांबायचे, मग पुढची. मी चुकले की पुन्हा. 'ळ' त्यांचा फार सुरेख होता. मला तो येईना, म्हणून नागम्मांनी सुपातून नजर न काढता कानडीत काही म्हटलं. अप्पा हसले. "ती म्हनती, जीभ उलटी करा, भाकरी उलटतो तशी." त्या दिवशी मला 'ळ' आला. महिन्याभरात मी आगगाडीत, बाजारात, शाळेत मराठी बोलायला लागले. पहिल्यांदा भाजीवालीशी भांडले, तेव्हा घरी येऊन अब्बांना ते सगळं पुन्हा सांगितलं.

लेखी परीक्षेत मी पास झाले. तोंडी परीक्षेला पुण्याकडचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी शाळेबद्दल विचारलं. मी न अडखळता बोलले. 'तिकडं', 'लई', 'आमच्याकडं असंच ऱ्हातंय', सगळं आलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हे मराठी तुम्ही कुठं शिकलात?"

"इथंच."

"हे मराठी नव्हे, बाई. याला कानडीचा हेल आहे." आवाजात राग नव्हता. फक्त नापास करायचं त्यांनी ठरवलं होतं.

मी तशीच वाचनालयात गेले आणि अप्पांना सांगितलं. मला वाटलं ते त्या गृहस्थांवर चिडतील, या जिल्ह्याची बोली मराठी नाही तर काय, असं काही म्हणतील. पण ते हातातलं पुस्तक उगीच पुसत राहिले... मग म्हणाले, "माझ्या जिभेनं तुमाला पाडलं, बाई." मी नाही नाही म्हणत होते, पण ते ऐकत नव्हते. मला मराठी त्यांच्यामुळं आलं होतं, जागा जाणार होती ती हुकमामुळं. एवढं साधं त्यांना समजावून सांगता येईल इतकं मराठी माझ्याजवळ त्या दिवशीही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते भांडाराच्या ओसरीवर जाऊन बसायला लागले. सकाळी जायचे, वाचनालय उघडायच्या वेळेला परत यायचे. शेवटी भांडारवालाच कंटाळला आणि त्यानं कुलूप काढलं. तबकड्या एका लोखंडी ट्रंकेखाली, पत्र्याच्या भिंतीला लागून पडल्या होत्या. दोन उन्हाळे त्यांनी तिथं काढले होते. बाहेर काढल्या तेव्हा तव्यावरच्या पापडासारख्या वाकलेल्या होत्या. अप्पांनी त्या तशाच चौकातल्या हॉटेलात आणल्या आणि बाज्यावर लावल्या. मी दारात उभी होते. एका बाईचा स्वच्छ आवाज निघाला, लगेच तोंडात पाणी भरल्यासारखा झाला, वर चढला, खाली पडला. चहा पिणारे लोक हसायला लागले. अप्पांनी हात लावून तबकडी थांबवली. रज्जाकभाईंनी दोन काचांमध्ये दाबून, उन्हात ठेवून त्या सरळ करायचा प्रयत्न केला. एक तेवढी जमली, आणि ती नेमकी पाहुण्यांच्या स्वागताची निघाली. 'या, बसा, पाणी घ्या.' ते मला येत होतं.

तोंडी परीक्षेची आणखी एकच संधी मिळणार होती. त्या दुसऱ्या वेळी मी पास झाले आणि जागा राहिली. कशामुळं, ते सांगायला मला लाज नाही, पण अजून राग येतो. त्या वेळी परीक्षक आमच्याच बाजूचे होते. त्यांनी विचारलं, "कुठल्या तुमी?" मी सांगितलं. "व्हय का? मग बोलनं चांगलंच आसंल की." एवढ्यावर परीक्षा संपली. मी अप्पांना ते जसंच्या तसं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हंजे तबकडी असती तरी तेच, नसती तरी तेच," आणि खिडकीतून बाहेर पाहत बसले.

त्यांचा त्रास मात्र तिथं संपला नाही. वाकलेल्या तबकड्या भांडाराबाहेर आल्या त्या अप्पांच्या हातातून, म्हणून खराबीचा खुलासा त्यांच्याकडंच मागितला गेला. 'उष्णतेमुळं' एवढं लिहून द्या, प्रकरण मिटवू, असं चिटणिसांनी समजावलं. अप्पांनी लिहिलं की पुस्तकापासून तोडल्यामुळं. तो खुलासा परत आला. त्यांनी पुन्हा तोच पाठवला. प्रकरण चालू असलेल्या माणसाला ग्रंथपाल करता येत नाही, म्हणून ग्रंथपाल बाहेरून आणला, आणि अप्पा मदतनीस म्हणूनच निवृत्त होऊन मुरुमला गेले. जाण्याआधी त्यांनी ते कार्ड आणखी एकदा लिहिलं होतं. पुढच्या तपासणीत पुन्हा लाल रेघ पडली, असं नव्या ग्रंथपालांनीच मला सांगितलं. बिचारे चांगले गृहस्थ आहेत. त्यांना यात काय बिघडलं ते कळत नाही.

मागच्या आठवड्यात मुरुमला गेले. नागम्मा ओसरीत खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला. सांत्वनाचं काय बोलायचं, ते मी मोटारीत मनात घोळवत आले होते, पण तोंडातून निघालं ते शोकसभेचं. अध्यक्ष काय म्हणाले, मनमिळाऊ काय, मितभाषी काय, भांडारवाला तिथंच पहिल्या रांगेत बसून कसा मान डोलावत होता, सगळं सांगत गेले. बोलता बोलता माझा आवाज चढला. दुखवट्याच्या घरी आपण भांडायला आल्यासारखं बोलतो आहोत, हे ध्यानात आलं आणि मी गप्प झाले.

नागम्मांनी डोळे मिटले होते. त्या म्हणाल्या, "थांबू नका, बाई. तुमी बोलाय लागला की ते बोलल्यागत वाटतंय. तसाच आवाज चढतोय, तसंच मदीच थांबनं... बोला आनखी."

मी पदर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, तपासनीस आले तिथून.